मोरसाच्या दोन कुंड्या

बाई,

परवा मी समुद्र बघून आले. म्हणजे घरी आल्यावर शेजारणींना असंच सांगितलं. तुमच्यापुढं काय लपवायचं, मी गाडीतून उतरलेच न्हाई. नातवानं हट्टानं नेलं होतं. "आजी, जन्मभर खाडी-खाडी करून राह्यलीस, चल एकदाची," म्हणाला. तुमचं गाव नव्हतं ते, पण मुलूख तोच. आम्ही पोचलो तेव्हा भरती ओसरून गेल्ती. चिखल उघडा पडलेला, आणि त्याच्या कडेकडेनं ती बुटकी, जाड पानांची, लालसर झुडपं. बिलकुल तुम्ही फळ्यावर काढायच्या तशी. सगळे चपला काढून चिखलात उतरले. मी म्हणाले, माझे गुडघे दुखून राह्यलेत, तुम्ही जा. गुडघे कुठले दुखतात! रोज दोन जिने चढते मी. गाडीचं दार उघडं होतं, चिखल दहा पावलांवर होता, आणि पाय काही निघेना. सून एक डहाळी तोडून घेऊन आली, "आई, हे खाऊन बघा, गंमत म्हणजे खारट लागतंय." मी तोंड फिरवलं. बिचारीला वाईट वाटलं असणार. तिला काय ठाऊक, त्या पानाची चव मला पासष्ट वर्षांपासून माहीत आहे. घरी आल्यापासून चार दिवस झाले, जेवण गोड लागेना. म्हणून हे लिहायला बसले. माझं 'न्हाई' अजून सुटलेलं न्हाई, तेवढं तुम्ही समजून घ्या.

तुम्ही आल्या तेव्हा पोलीस अ‍ॅक्शनला पाच-सहा वर्षं झाली असतील. आपली मुलींची शाळा उर्दूतून मराठीत आल्ती, पण शिकवायला माणसंच नव्हती. आधीच्या उस्तानीबाई हैदराबादला निघून गेल्या, आणि विज्ञानाच्या तासाला आम्ही दोन महिने नुसत्या भरतकाम करत बसलो. मंग एक दिवस तुम्ही. तिशीची, लग्न न झालेली, बी.एस्सी. पास झालेली बाई आमच्या मस्तगड मोहल्ल्यानं आधी पाहिलीच नव्हती. बायका खिडकीतून बघायच्या. तुमच्या भावाची इथल्या कचेरीत बदली झाली, आणि बहीण एकटी मागं कशी ठेवायची म्हणून तुम्हालाही सामानाबरोबर आणलं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. गावाला काय, सगळंच कळतं. सकाळी भावाच्या घरचा सगळा स्वैपाक करून तुम्ही शाळेत यायच्या. खडू धरलेल्या बोटांना हळद असायची. संध्याकाळी सहाच्या आत घरी. वाटेत कुणाशी बोलायचं न्हाई, तळ्याकडं फिरायला जायचं न्हाई. मी तेव्हा चौदाची. मला वाटायचं, एवढी शिकलेली बाई आणि हिलाही आमच्यासारखंच विचारून बाहेर पडावं लागतं? मंग शिकून उपयोग काय? हे मी तुम्हाला कधी विचारलं न्हाई. विचारायला पाहिजे होतं.

तो पहिला तास मला जसाच्या तसा दिसतो. तुम्ही फळ्यावर आडव्या रेघा ओढताय. सगळ्यात खाली पाणी, आणि पाण्याच्या आत गवत. त्याच्यावरच्या पट्ट्यात मोरस, ती जाड पानांची खारट झुडपं. त्याच्यावर तिवराची खारफुटी, तिवराच्या मागं खारट जमिनीतला भात. दिवसातून दोनदा पाणी वर येतं, दोनदा मागं जातं, आणि प्रत्येक झाडानं आपापली रेघ ठरवून घेतली आहे, असं तुम्ही सांगताय. आमच्यातल्या कुणी गावच्या मोती तलावाहून मोठं पाणी बघितलेलं न्हाई. समुद्रात गवत म्हटल्यावर सगळा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. तुम्ही रागावल्या न्हाई. म्हणाल्या, "हसा, हसा. शेवाळ नव्हे हो, गवतच. त्याला मुळं आहेत, पानं आहेत, फूलसुद्धा येतं. पाण्याखाली फुलतं आणि पराग पाणीच वाहून नेतं." मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पाण्याखाली फूल? तुझी बाई चांगल्या गप्पा हाणते." दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्राच्या घडीत दाबलेलं ते गवतच घेऊन आल्या. लांब, फितीसारखी पानं, हिरवेपणा गेलेला, मुळाशी अजून वाळूचे दोन कण चिकटलेले. मी नाकाला लावून बघितलं. तुम्ही हसून म्हणाल्या, "अगो, वास गेला त्याचा कधीच."

आणि तुम्ही संतापलेल्याही आठवता. तुमच्या गावच्या एका खोताला खाडीकाठची ती मोरसाची पट्टी म्हणजे पडीक जागा वाटली. बांध घालून पाणी अडवलं त्यानं, शेत करायला. भात काही धड आला न्हाई. पण पाणी यायचं बंद झालं तसं मोरस गेलं, खेकडे गेले. बांधाची माती धुपून धुपून खाडीत उतरली, पाणी गढूळ झालं, आणि खालच्या गवताला ऊन मिळेना म्हणून तेही मेलं. कोळंबीची पिल्लं त्या गवतात लपून मोठी व्हायची. गवत न्हाई तर पिल्लं न्हाई, जाळी रिकामी. मंग एका उधाणाला बांध फुटला आणि पाणी सरळ घरात शिरलं, कारण लाटेचा जोर मोडायला मधे काही उरलंच नव्हतं. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. "कामाची नाही म्हणे ती जागा!" म्हणून तुम्ही खडू फळ्यावर आपटला, आणि तो तुटून माझ्या बाकापाशी आला. तो तुकडा मी बरेच दिवस दप्तरात ठेवला होता.

मी एकदा विचारलं, बाई, मोरसाला मीठ एवढं का आवडतं? तुम्ही माझ्याकडं बघतच राह्यल्या. "आवडतं कोण म्हणालं? सोसतं ते. मला तर वाटतं, गोड्या मातीतही ते चांगलं येईल. पण तिथं दुसरं तण त्याला उभं राहू देत नाही. म्हणून जिथं कुणाचा टिकाव लागत नाही तिथं जाऊन ते राहतं." मंग स्वतःशीच म्हणाल्या, "पण हे दाखवून द्यायला हवं." आणि मंग त्या दोन कुंड्या. कुंभाराकडून पसरट कुंड्या आणल्या, दोन्हीत सारखी माती, तुम्ही गावाहून डब्यात आणलेल्या बियांची मोरसाची रोपं दोन्हीत सारखी, आणि आपल्या बांधावरचं केना हे तणही दोन्हीत सारखंच. एका कुंडीला रोज साधं पाणी. दुसरीला रोज साधं पाणी, आणि दर शनिवारी ओंजळभर मीठ तांब्याभर पाण्यात विरघळवून. तण उपटायचं न्हाई, कुणाची बाजू घ्यायची न्हाई. नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं. वर्षभर तुम्ही ती वही लिहिली. साध्या पाण्याच्या कुंडीत केना पसरत चालला, मोरस दबत चाललं. मिठाच्या कुंडीत केना करपायला लागला आणि मोरस ताठ उभं. असंच वहीचं एक पान भरून दुसरं यायचं. माझ्याइतकी ती वही तुमच्याखेरीज कुणी वाचली नसेल.

त्या वहीवर काय अवलंबून होतं तेही मलाच पहिल्यांदा सांगितलंत. शाळेच्या हौदाशी उभ्या होतो आपण. समुद्रकाठच्या एका कॉलेजातल्या सरांचं पत्र आल्तं. झाडांच्या खात्यात मदतनिसाची जागा होणार होती. वही पूर्ण करून शाळा उघडायच्या आत या, काम पटलं तर जागा तुमची, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि तुमचा भाऊ, जो तुम्हाला तळ्यापर्यंत जाऊ देत नव्हता, तो म्हणाला होता, "नोकरी पक्की असेल तर जा, नाहीतर हा विषय माझ्यापुढं परत काढायचा नाही." तुम्ही पत्र घडी घालताय, परत उघडताय, परत घडी घालताय. "मला परत चिखलात पाय घालायचाय गं," म्हणालात. मी म्हणाले, हो का बाई, छान. छान! त्याच महिन्यात जाफराबादचे लोक मला बघून गेल्ते. तुम्ही दोनदा आमच्या दुकानात येऊन, गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभं राहून, बाबांना सांगितलं होतं की हिला मॅट्रिकला बसू द्या, हिचं डोकं आहे. बाबा तुम्हाला मानायचे. "बाई म्हणतात तर थांबू," एवढं बोलले होते. तुमच्याशिवाय माझ्या बाजूनं तोंड उघडणारं त्या गावात कुणीच नव्हतं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, आणि नेमकं तुमच्या वहिनीला बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं आलं. सोबत कोण? तुम्ही. दीड महिना. शाळा बंद, हौद कोरडा, म्हणून कुंड्या हातगाड्यावर घालून आमच्या मागच्या अंगणात आणल्या. आमचं किराणा दुकान, म्हणजे मिठाला तोटा न्हाई. दुकानाच्या पायरीवर खडेमिठाची गोणी उघडीच असायची, रात्रीसुद्धा आत घेत नव्हते. तुम्ही मला पाच वेळा समजावून सांगितलं. शनिवार चुकवायचा नाही. दिसेल तेच लिहायचं, वाटेल ते नाही. मी मान डोलावली. जाताना वही माझ्या हातात देऊन तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुमच्या हाताला फोडणीचा वास होता.

तुम्ही आल्या त्या दिवसाचं ऊन मला अजून बोचतं. वहिनीला, बाळाला घरी पोचवून, हातपाय न धुता तुम्ही थेट आमच्याकडं आल्या. दोन्ही कुंड्यांत केना मातला होता. निळी फुलं आल्ती त्याला. दोन्हीत मोरस खाली दबून पिवळं पडलेलं, बुंध्याशी सडलेलं. कुठली कुंडी कुठली, ओळखू येत नव्हती. तुम्ही वही उघडली. सहा शनिवारांपुढं माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलेलं, 'मीठ घातले.' आणि त्याच्याखाली केना कसा वाढला, ते बराबर, बोटानं मोजून. तुम्ही अंगणातल्या पाट्यावर बसल्या. "मिठातसुद्धा वाढला?" एवढंच म्हणाल्या. आईनं गुळपाणी आणून ठेवलं, त्याच्याकडं तुमचं लक्ष न्हाई. "म्हणजे माझंच चुकलं," असं तुम्ही हळूच म्हणाल्या, आणि मी तिथं खांबाला धरून उभी. बोलता आलं असतं. त्याच क्षणी बोलता आलं असतं. मंग तुम्हाला काय वाटलं कुणास ठाऊक, तुम्ही उठल्या, मिठाच्या कुंडीतली चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली.

माझ्याकडं वळून बघितलं तुम्ही. थुंकल्याही न्हाई, माती तशीच तोंडात. "अळणी आहे," म्हणाल्या. मी रडायला लागले. तुम्ही ओरडल्या न्हाई, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "झाडं मेली त्याचं मला काही नाही. परत लावता येतील. पण तू खोटं लिहिलंस, आणि ते वाचून मी माझ्या डोळ्यांनी वर्षभर बघितलेलं खोटं समजले. का केलंस गं?" तेव्हा मी ते सांगितलं. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं आई म्हणते. ओंजळभर मीठ मातीत ओतायचं म्हणजे किती वेचावं लागेल? मीठवाल्याच्या घरात हे पाप मोठं. म्हणून हात धजला न्हाई, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं. हुंदके देत देत सांगितलं सगळं. आणि तुम्ही हसल्या हो बाई! डोळ्यांत पाणी, आणि हसताय. "अगो वेडे, आमच्याकडेही म्हणतात ते. माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक माझीच, तुझ्याकडं ते काम द्यायला नको होतं." मला जवळ घेऊन माझे डोळे पुसले तुम्ही. माफ करून टाकलं. आईपाशीही काही बोलल्या न्हाई.

कॉलेजची तारीख आठ दिवसांवर होती. तुम्ही खोटी पानं फाडून, खरं काय झालं ते लिहून पाठवलं. तुमच्याकडून दुसरं काही होणारच नव्हतं. सरांचं उत्तर आलं की काम चांगलं आहे, पण अपुरं आहे, पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षी ती जागा भरून गेल्ती. आणि भावानं विषय बंद केला तो केलाच. वहिनीच्या मुलाला सांभाळायला घरात कुणीतरी पाहिजेच होतं. मंग तुम्ही सहाच्या ऐवजी पाचला घरी जायला लागल्या. आणि माझं काय झालं, तर दिवाळी झाल्यावर बाबा म्हणाले, स्थळ हातचं जाईल. तुम्ही परत दुकानात आल्या, परत बोलल्या. या वेळी बाबांनी ऐकलं न्हाई. मॅट्रिकला चार महिने राहिले होते. लग्नात तुम्ही मला ते वर्तमानपत्राच्या घडीतलं गवत दिलंत. लोक भांडी देत होते, आणि तुम्ही गवत. "माझ्यापाशी दुसरं काही तिकडचं नाही," म्हणाल्या. जाफराबादला सासूनं घडी उघडून बघितली आणि विचारलं, हे काय औषध आहे का? मी म्हणाले, हो, पोटाचं.

बावीस वर्षं मी त्या घराच्या मागच्या खोल्यांत काढली, बाई. पुढच्या ओसरीवर बायकांनी यायचं न्हाई अशी रीत. कापसाच्या दिवसांत वेचणीला जायचं तेवढंच आभाळ. कधी कधी चूल फुंकता फुंकता मला तुमच्या रेघा आठवायच्या, ज्याची त्याची ठरलेली रेघ, आणि मला हसू यायचं, आणि मंग संताप यायचा. पहिल्या लेकीला घेऊन माहेरी आल्ते तेव्हा शाळेत तुम्हाला भेटले. केस पांढरे झालेले. हौदाशी त्याच दोन कुंड्या, त्यात सदाफुली. मुलीला मांडीवर घेतलंत, तिच्या मुठी उघडून बघितल्या. मी विचारलं, गावी गेल्त्या का एवढ्यात? तुम्ही म्हणालात, "कुठलं गं. आता तर चिखलाचा वास कसा होता तेही आठवेनासं झालंय." मी तेव्हाही बोलले न्हाई. मुलगी रडायला लागली, ते निमित्त झालं. महाराष्ट्र झाला त्या वर्षी तुम्ही काविळीनं गेल्या. मला दोन महिन्यांनी कळलं, तेही बोहारणीकडून. चाळिशीसुद्धा धड गाठली नव्हती तुम्ही.

परवा त्या खाडीवर गवताची ती घडी माझ्या पिशवीतच होती. वाटलं होतं, पाण्यात सोडू, तुमच्या ऐवजी तेवढं तरी घरी जाईल. ते काही जमलं न्हाई, सांगितलंच तुम्हाला. तुमचा तो चिखल, ते पाणी, त्याच्या पुढं उभं राहायचं तोंड माझ्यापाशी न्हाई. हे पत्रही त्या घडीतच ठेवणार आहे. टाकायचं कुठं, पत्ता कुठला?

पण एक राह्यलंच. आई काही म्हणाली नव्हती, बाई. पापण्यांचं ती लहानपणी सांगायची, ते खरं. पण त्या उन्हाळ्यात दर शनिवारी तिनं स्वतः गोणीतून ओंजळ भरून मीठ मला दिलं. बाबांनीच सांगितलं होतं तिला, बाईंचं काम आहे, द्यायचं. मी ते ओच्यात घेऊन मागच्या अंगणात जायची. कुंडीपाशी बसायची. आणि तुम्ही त्या कॉलेजात निघून गेल्यावर शाळेत मी एकटी कशी असेन ते बघत राहायची. मंग दुकानात गर्दी असताना पुढं येऊन ते मीठ परत गोणीत टाकायची. सहाच्या सहा वेळा. त्यातला एक खडाही मी सांडला न्हाई.